आधी चावी, मग पान

मुलांनो, दर आठवड्याला मी या पानावर तुमच्या गमतीजमती सांगते. कोणी गृहपाठाची वही म्हणून घरच्या किराणाची वही घेऊन आलं, कोणी पेन्सिलीऐवजी आजोबांचा थर्मामीटर कंपासात भरला! तुम्ही हसता, मीही हसते. आज मात्र पाळी माझी आहे. आज मी माझी स्वतःची फजिती सांगणार आहे.

तुम्हाला माहीतच आहे, मी चौथीच्या वर्गाला शिकवते. दरवर्षी आमच्याकडे वर्तुळाचा धडा येतो. मी बांगडी फळ्यावर धरून गोल काढते, मधोमध टिंब देते आणि टिंबातून जाणारी एक आडवी रेघ काढून विचारते, "याला काय म्हणतात?" सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "व्यास!" तर अशा शेकडो मुलांना व्यास शिकवणाऱ्या बाईनं व्यास मोजताना चूक केली. आणि तीही दुसऱ्याच्या कष्टाच्या पैशांवर! कशी, ते ऐका.

माझा एक जुना विद्यार्थी आता सातवीत आहे. वर्गात असताना त्याचे हात कधी स्वस्थ नसायचे. बाकावर, पाटीवर, पाण्याच्या बाटलीवर, पुढच्या मुलाच्या पाठीवरसुद्धा ताल सुरू! गेल्या दिवाळीत तो आजोळी गेला आणि येताना टेम्पोतून काय घेऊन आला म्हणता? चक्क एक ड्रम सेट! त्याचे मामा तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला, मामा एस.टी.च्या वर्कशॉपात लागले आणि ड्रम माळ्यावर गेले. वीस वर्षं ते तिथेच, गोणपाटात गुंडाळलेले. "माळ्यावर उंदरांनी वाजवण्यापेक्षा तू वाजव," असं म्हणून मामांनी ते भाच्याला देऊन टाकले.

तुमच्यातल्या ज्यांनी ड्रम सेट जवळून पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. जमिनीवर आडवा ठेवलेला, पायाच्या पेडलनं वाजवायचा सगळ्यांत मोठा तो बेस ड्रम. वाजवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये असतो तो स्नेअर. याच्या पोटाखाली वळणदार तारांची पट्टी ताणलेली असते, म्हणून तो 'ठॅक' असा करकरीत वाजतो. बेस ड्रमच्या डोक्यावर बसतात ते दोन टॉम, आणि बाजूला तीन पायांवर उभा असतो तो फ्लोअर टॉम. शिवाय झांजांसारख्या धातूच्या थाळ्या असतात त्या वेगळ्या. मामांचा सेट हा असा पाच ड्रमांचा होता. बेस २२ इंची, स्नेअर १४, टॉम १२ आणि १३, फ्लोअर टॉम १६. ही मापं जगभर फार चालतात. पण ती तेव्हा मला ठाऊक नव्हती, आणि तिथेच तर घोटाळा झाला!

सेटची अवस्था काही बरी नव्हती. सगळ्यांत लहान टॉमच्या पानाला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. (पान म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणलेला पडदा. ढोलाचं पान म्हणतो ना आपण, तसंच हे.) बाकीचे ड्रमही 'धब्ब' वाजायचे, जणू भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर कुणी थाप मारतंय. आणि शाळेचं स्नेहसंमेलन होतं तीन आठवड्यांवर! समूहगीताला ड्रमची साथ करायची, असं या पठ्ठ्यानं परस्पर सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

त्याची आई घरी शिवणकाम करते. गणपतीच्या हंगामात रात्री जागून शिवलेल्या कपड्यांचे थोडे पैसे तिनं बाजूला ठेवले होते. तेवढ्यात दोन पानं आली असती, जास्त नाही. मी प्रशिक्षणासाठी रत्नागिरीला जाणारच होते. आई म्हणाली, "बाई, तुम्ही जाताच आहात तर तुम्हीच बघून आणा. मला त्यातलं काय कळतंय?"

कळत मलाही काहीच नव्हतं! पण बाईपणाचा रुबाब ना! मी त्यांचीच शिवणाची टेप घेतली आणि फाटलेल्या टॉमवर आडवी धरली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बरोबर मधून. तेराच्या किंचित पुढे. कागदावर लिहिलं, '१३ इंच'. दुकानात गेले आणि म्हटलं, "तेरा इंची द्या. आणि सगळ्यांत मजबूत द्या. मुलगा जोरात वाजवतो." दुकानदारांनी एक चकचकीत, आरपार दिसणारं, दोन पदरी पान दिलं. मी खुशीत घरी आले.

संध्याकाळी पान बसवायला गेलो, तर ते ड्रमवर झाकणासारखं सैल, चहूबाजूंनी बाहेर आलेलं! वरचं धातूचं कडं त्याच्यावर बसेचना. मुलगा माझ्याकडे बघतोय, मी पानाकडे बघतेय. आईच्या हातातली सुई तशीच थांबली. मुलांनो, त्या क्षणी मला पट्टीचा मार खाल्ल्यासारखं वाटलं. अर्धे पैसे गेले होते, आणि ते माझे नव्हते.

आई काही रागावली नाही. तिनं टेप हातात घेतली, ड्रम उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्ही कड्यासकट माप घेतलंत. आम्ही माप अंगाचं घेतो, अंगावरच्या सदऱ्याचं नाही!"

किती खरं बोलली बघा! ड्रमचं अंग म्हणजे त्याचं लाकडी पिंप. पान त्या पिंपाच्या काठावर बसतं. पानावरून धातूचं कडं येतं आणि बोल्टांनी आवळलं जातं. कडं पिंपापेक्षा मोठंच असणार. म्हणून माप घ्यायचं ते पिंपाच्या बाहेरच्या काठापासून समोरच्या काठापर्यंत, कडं काढून. तसं मोजलं तेव्हा ते निघालं बरोबर १२ इंच. मी व्यास बरोबर मोजला होता, पण चुकीच्या वर्तुळाचा!

रविवारी मामा आले. त्यांना आम्ही सगळी हकिकत सांगितली. मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चावी कुठाय?"

कसली चावी? आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. मामांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. घराची किल्ली, स्कूटरची किल्ली, आणि त्यांच्यात एक छोटीशी, चौकोनी तोंडाची, इंग्रजी टी अक्षरासारखी चावी. ड्रमचे बोल्ट आवळायची. ड्रम माळ्यावर गेले होते, पण चावी वीस वर्षं मामांच्या खिशातच होती. ते त्याबद्दल काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

"बाबू," ते भाच्याला म्हणाले, "आवाज वाईट आला की लोक आधी दुकानात पळतात. आपण आधी चावी लावायची. चावीनं आवाज सुधारला नाही, तरच पान बदलायचं."

मग त्यांनी फ्लोअर टॉम पुढे ओढला. सगळे बोल्ट सैल केले, कडं उचललं, पान काढलं. पिंपाच्या काठावरची वीस वर्षांची धूळ कोरड्या फडक्यानं पुसली. काठावरून बोट फिरवून कुठे टवका उडालाय का, ते पाहिलं. पान परत ठेवलं, कडं ठेवलं आणि सगळे बोल्ट चावी न लावता नुसत्या बोटांनी फिरवले, फिरतील तितके. मग चावी घेतली. एक बोल्ट अर्धा वेढा फिरवला. आता त्याच्या शेजारचा? छे! त्याच्या बरोबर समोरचा!

"एस.टी.च्या चाकाचे नट आम्ही असेच आवळतो," मामा म्हणाले. "एक इकडचा, एक समोरचा. ओळीनं आवळत गेलं तर चाक एका बाजूला कलतं. पानाचंही तसंच. एकीकडे ताण जास्त, दुसरीकडे कमी, की ते रडणारच."

सगळीकडे सारखा ताण आल्यावर त्यांनी पानाच्या मधोमध तळवा ठेवून हलकेच दाबलं. सुरकुत्या गेल्या. मग कान जवळ नेला आणि प्रत्येक बोल्टाशेजारी, काठापासून दोनेक बोटं आत, काडीनं टिचकी मारत गेले. टुंग, टुंग, टँग! "हा बघ, हा वर चढलाय." त्या बोल्टाला किंचित सैल केलं. टुंग. असं करत सगळ्या बोल्टांशेजारी एकच स्वर आणला. तबलजी हातोडीनं गट्टे ठोकून तबला लावतात ना, अगदी तेच काम, फक्त इथे हातोडीऐवजी चावी.

आणि काय सांगू! जो ड्रम सकाळपर्यंत भिजक्या खोक्यासारखा वाजत होता, तो 'धूंऽम' असा गंभीर बोलला. पान तेच, ड्रम तोच. एक पैसा खर्च झाला नाही. बेस ड्रमचीही अशीच निगा झाली. त्याचा आवाज फार घुमत होता, म्हणून पोटात एक जुनी गोधडी घडी करून ठेवली. घुमणं गेलं, 'धम्' उरलं.

जेवण झाल्यावर मामांनी पानांची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही आवडेल.

पूर्वी ड्रमची पानं कातड्याची असत. परदेशात बहुतेक वासराच्या कातड्याची. कातड्याचा आवाज गोड, पण हवेशी त्याचं फार सख्य! पावसाळी हवा आली की ते ओल शोषून सैल पडणार, कडक ऊन पडलं की आवळून ताठ होणार. आपल्याकडे ढोलकी आणि डफ वाजवण्याआधी उन्हात धरतात किंवा जाळाजवळ शेकतात, ते याचसाठी. १९२०-३० च्या सुमारास अमेरिकेतले काही ड्रमवादक तर बेस ड्रमच्या पोटात विजेचा दिवा लावून ठेवत, म्हणजे त्याच्या उबेनं कातडं कोरडं राहील!

मग १९५० च्या दशकात पॉलिएस्टरची पातळ, मजबूत फिल्म बाजारात आली. तिचं एक नाव मायलार. आपल्या पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक असतं ना, त्याच कुळातली ही. ओल लागली म्हणून ती सैल पडत नाही. १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली या दोघांनी आपापल्या रीतीनं या फिल्मची ड्रमची पानं तयार करून विकायला सुरुवात केली. रेमो बेली स्वतः ड्रमवादक होते. १९५७ मध्ये त्यांनी काढलेली कंपनी त्यांच्या नावानं आजही आहे, आणि इव्हान्सची पानंही आज मिळतात. पुढे आपल्याकडच्या ढोलपथकांतही प्लॅस्टिकची पानं आली. भर पावसात मिरवणूक निघाली तरी ढोल वाजत राहतो, तो त्यामुळे.

"पण मामा," मुलगा म्हणाला, "सगळी पानं प्लॅस्टिकचीच, तर मग त्यात निवडायचं काय?"

मामांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. मी त्या वहीत लिहून घेतल्या. (हो, बाईसुद्धा वही घेऊन बसल्या होत्या!)

पहिली गोष्ट, जाडी. नेहमीचं एकपदरी पान साधारण पाव मिलिमीटर जाड असतं. ते हलकं असतं, म्हणून काडी हळू टेकवली तरी बोलतं, आणि त्याचा आवाज जास्त वेळ गुंजत राहतो. दोन पदरी पानात बहुधा ०.१८ मिलिमीटरच्या दोन फिल्म एकावर एक असतात. ते जास्त मार सोसतं. दोन पदर एकमेकांना घासत असल्यामुळे आवाज लवकर विरतो, भरीव आणि आखूड येतो. पण अगदी हळू वाजवलेलं त्याला नीट ऐकू येत नाही म्हणा ना!

दुसरी गोष्ट, लेप. काही पानं काचेसारखी आरपार दिसतात. ती टणक आणि झगझगीत वाजतात. काहींवर पांढरा खरखरीत लेप असतो. त्यांचा आवाज जरा मऊ, ऊबदार. ब्रश म्हणून तारांचा एक झुपका मिळतो, तो पानावर घासून वाजवतात. त्यासाठी तर खरखरीत पानच हवं. गुळगुळीत पानावर ब्रश घासला तर आवाज येणार कुठून? स्नेअरवर बहुतेक वेळा लेपाचं पान दिसतं, ते यामुळेच.

तिसरी गोष्ट, बाजू. ड्रमला दोन पानं असतात. वरचं मार खातं, खालचं त्याला साथ देतं. खालचं पान बहुधा पातळ एकपदरी असतं. त्यातही स्नेअरचं खालचं पान म्हणजे नाजूक बाळ. त्याची जाडी साधारण ०.०७६ मिलिमीटर. आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीत आणि त्याच्यात फारसा फरक नाही! तारांनी थरथरावं म्हणून ते इतकं पातळ ठेवतात. तिथे वरचं जाड पान लावलं तर तारा मुक्या होतात. आणि ते पातळ पान चुकून वर लावून काडी मारलीत, तर संपलंच! तेव्हा दुकानात गेल्यावर 'वरचं' की 'खालचं' हे आधी सांगायचं.

चौथी गोष्ट, माप. ती आता मी तुम्हाला निराळी सांगायला नकोच!

एवढ्यात मुलानं दुकानातून आणलेल्या माहितीपत्रकातलं एक चित्र दाखवलं. पांढऱ्या पानाच्या मधोमध मोठा काळा ठिपका. "मामा, ही तबल्याची शाई आहे का?" दिसायला तसंच दिसतं खरं! पण नाही. हा ठिपका म्हणजे मधोमध चिकटवलेला जादा प्लॅस्टिकचा तुकडा. काडी जिथे सारखी बसते तिथे पान लवकर झिजू नये आणि घुमणं थोडं कमी व्हावं, एवढंच त्याचं काम. तबल्याची शाई ही फार वरच्या पायरीची गोष्ट आहे. साध्या ताणलेल्या पडद्यातून एका वेळी बरेच स्वर निघतात आणि ते एकमेकांशी नीट जुळत नाहीत. म्हणून ड्रममधून 'सा' असा स्वच्छ ऐकू येत नाही. तबल्यात आणि मृदंगात शाईचा थर असा बसवलेला असतो की ते स्वर एकमेकांशी जुळतात, आणि तबला सुरात बोलतो. १९२० मध्ये सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर 'नेचर' या नियतकालिकात याच विषयावर लिहिलं होतं. हो, हो, तेच रामन, ज्यांना पुढे १९३० मध्ये प्रकाशाच्या अभ्यासासाठी नोबेल पारितोषिक मिळालं! आपल्या तबलेवाल्या कारागिरांनी शाई घोटून घोटून जे साधलं होतं, त्यानं केवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला विचारात पाडलं!

असो. आता आमच्यापुढचा खरा प्रश्न. उरलेल्या पैशांत एकच पान येणार होतं. ते कोणतं?

मी म्हटलं, "फाटलेल्या बारा इंची टॉमचं. दुसरं कोणतं?" मला माझी चूक भरून काढायची होती ना!

मामा म्हणाले, "बाई, घाई नको. तुमचं तेरा इंची पान वाया गेलेलं नाही. शेजारचा टॉम तेरा इंचीच आहे, आणि त्याच्या पानावर खड्डे पडलेत." आणि खरंच, ते पान त्या टॉमवर असं बसलं, जणू त्याच्याचसाठी आणलं होतं. माझ्या मनावरचं मणभर ओझं उतरलं. "आणि बारा इंची टॉम सध्या बाजूला ठेवू. बीटल्सचे रिंगो स्टार वरती एकच टॉम ठेवून चार ड्रमांच्या सेटवर वाजवायचे. त्यांचं काही अडलं नाही. बाबूचं का अडेल?"

मुलाचं तोंड जरा उतरलं. पाच ड्रम आणि चार ड्रम यांत फरक असतोच की नाही! पण तो काही बोलला नाही.

मामांनी स्नेअर मांडीवर घेतला. मधला पांढरा लेप झिजून पार गेला होता आणि तिथे खळगा पडला होता. बोल्ट कितीही आवळा, खळगा तसाच. "चावीनं होण्यासारखं होतं ते आपण केलं. याला मात्र औषध नाही. गाण्यात सगळ्यांत जास्त हाच बोलतो. पैसे याच्यावर घालायचे."

"मग जाडजूड घेऊ या, दोन पदरी!" मुलगा म्हणाला.

"थांब. तीन प्रश्नांची उत्तरं दे. वाजवणार काय?"

"समूहगीत. पेटी आहे साथीला."

"कुठे?"

"शाळेच्या हॉलमध्ये. पत्रे आहेत वर."

"वाजवणार कोण?"

"मी."

"तू काडी खांद्यापासून आणतोस. लाकूड फोडल्यासारखी. तेव्हा जाड पान जास्त टिकेल, हे खरं. पण पेटीबरोबर आणि मुलांच्या आवाजाबरोबर वाजवायचं तर हळू वाजवता आलं पाहिजे, आणि हळू वाजवलेलं पानाला कळलं पाहिजे. पत्र्याखाली आधीच आवाज दुप्पट वाटतो. एकपदरी, पांढऱ्या लेपाचं घे. आणि पान जाड करण्यापेक्षा हात हलका कर."

मुलांनो, हे शेवटचं वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. दुकानात मी "सगळ्यांत मजबूत द्या" म्हटलं होतं. सगळ्यांत महाग, सगळ्यांत जाड म्हणजे सगळ्यांत चांगलं, असं आपण किती सहज धरून चालतो! बूट घेताना, दप्तर घेताना, अगदी गाइड घेतानासुद्धा. कशासाठी हवंय, कुठे वापरायचंय, कोण वापरणार आहे, हे तीन प्रश्न मात्र विसरतो.

यावेळी १४ इंची पान आणायला मुलगा आणि त्याची आई गेली. माप आईनंच घेतलं. अंगाचं, सदऱ्याचं नाही! पान बसवलं मुलानं, एकट्यानं, आठ बोल्ट समोरासमोर आवळत. मामा नुसते बाजूला बसून ऐकत होते. मग तीन आठवड्यांतले उरलेले दिवस तो रोज अर्धा तास वाजवायचा, आणि त्यातली दहा मिनिटं फक्त हळू. इतकं हळू की पलीकडच्या खोलीतलं शिलाई मशीन ऐकू यावं. ही अट मामांची.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी पडदा उघडला. समूहगीत सुरू झालं. पहिल्या कडव्याला ड्रमचा आवाज जवळजवळ नव्हताच, नुसती स्नेअरवरची कुजबुज. दुसऱ्या कडव्यात तो थोडा वाढला. एका ठिकाणी त्याची एक मात्रा चुकली. मी पेटीवर होते, म्हणून मला कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि गाणं पुढे गेलं. शेवटी टाळ्या झाल्या. शेवटच्या रांगेत मामा उभे होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. त्यांचा उजवा हात मांडीवर ताल धरून होता.

निघताना त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून ती चावी सोडवली आणि भाच्याच्या हातावर ठेवली.

बारा इंची टॉम अजून कोपऱ्यात आहे. त्याचं पान मुलगा येत्या दिवाळीला आणणार आहे, खाऊचे पैसे साठवून. अर्धे पैसे मी घालते म्हटलं, तर आई म्हणाली, "नको बाई. त्याला त्याचं साठवू द्या."

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. स्टीलचा रिकामा डबा घ्या. एक फुगा कापून डब्याच्या तोंडावर ताणून बसवा आणि रबरबँड लावा. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलकी टिचकी मारा. मग फुगा आणखी ताणून पुन्हा वाजवा. स्वर वर चढला ना? आता मधोमध कणकेची छोटीशी गोळी चिकटवा आणि वाजवा. स्वर खाली आला! पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, ती कशासाठी हे आता तुमचं तुम्हीच ओळखा. शेवटी कणीक काढा, फुग्यावर चिमूटभर रवा टाका आणि डब्याजवळ मोठ्यानं 'आऽऽ' करा. रवा कसा नाचतो, ते बघा. (नंतर सांडलेला रवा कोण झाडणार, ते आधी ठरवून ठेवा!)

आणि आता दोन शब्द आईबाबांसाठी. मूल ड्रमचा हट्ट धरतं तेव्हा आपल्याला आधी शेजारी आठवतात. ते साहजिकच आहे. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये राहत असाल तर सुरुवातीला रबराचा सरावाचा पॅड पुरतो. घरी सेट असेल तर जाळीची पानंही मिळतात. ती बारीक छिद्रांच्या कापडासारखी असतात, काडी उसळते पण आवाज फारच कमी येतो. खऱ्या पानांवर सराव करताना मुलांच्या कानांना संरक्षण हवं. बंद खोलीत ड्रमचा आवाज कानांना इजा करण्याइतका मोठा असतो. नुसता कापूस पुरत नाही, कानांवर बसणारी आवाजरोधक टोपणं मिळतात, ती घ्या. जुना सेट मिळाला तर लगेच सगळी पानं बदलू नका. आधी चावी आणा. ती स्वस्त असते. एक सुट्टी मुलाबरोबर बोल्ट समोरासमोर आवळण्यात घालवा. मग खळगा कुठे आहे, भोक कुठे आहे, ते पाहा आणि तेवढंच आणा.

मला विचाराल, तर मी या सगळ्यातून काय शिकले? यंदा वर्तुळाच्या धड्याला मी बांगडीऐवजी तो बारा इंची टॉम वर्गात नेला. कड्यासकट टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "मोजा बरं व्यास!" पाच-सहा जणांनी उत्तर दिलं, "तेराच्या पुढे!" मग मागच्या बाकावरची एक चिमुरडी उठून म्हणाली, "बाई, पण कोणत्या गोलाचा?"

तिला मी शाबासकी दिली. हा प्रश्न तिच्या बाईंना सुचायला एक अख्खं पान लागलं होतं!

बरं तर, पुढच्या आठवड्यात भेटू. डब्याचा प्रयोग करून पाहा आणि काय झालं ते मला पत्रानं कळवा. पत्र मात्र हळू वाजवा, म्हणजे सुवाच्य अक्षरात लिहा!

तुमची,
बाई